ईस्टरचें अंडें आणि घरची चूल

ख्रिस्ती धर्मीयांचे दोन मोठे सण आपल्या परिचयाचे आहेत. त्यांपैकीं नाताळ दरसाल एकाच तारखेला येतो. ईस्टरचें तसें नाहीं. तो कधीं मार्चअखेर येतो, तर कधीं एप्रिल संपत आल्यावर. याचें कारण ऐकलें म्हणजे हा सण आपल्याला एकदम ओळखीचा वाटूं लागेल. ईस्टरला तारीख नाहीं, तिथि आहे. वसंतसंपात २१ मार्चला धरावयाचा, त्या दिवशीं किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहावयाची आणि तिच्या पुढचा रविवार हा ईस्टर. सर्वांनीं हा सण एकाच रविवारीं पाळावा, असें इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें ठरविलें; गणिताची रीत मागाहून स्थिरावली. पाश्चात्य पंचांगांत हा दिवस २२ मार्चच्या आधीं येत नाहीं आणि २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. ग्रीक, रशियन वगैरे पूर्वेकडील संप्रदाय मात्र जुन्या ज्युलियन गणिताला धरून आहेत. त्यामुळें त्यांचा ईस्टर पुष्कळदां निराळ्या रविवारीं पडतो. सायन-निरयनाचा वाद ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं हिरीरीनें खेळला, त्या मराठी माणसांना याचें नवल वाटूं नये.

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा दिवस. त्याचा धर्मार्थ सांगण्याचा अधिकार धर्मोपदेशकांचा आहे; मला आज बोलावयाचें आहे तें त्या दिवशींच्या स्वयंपाकघराविषयीं. ईस्टरच्या सकाळीं युरोपांतल्या मुलांच्या हातीं रंगविलेलें अंडें येतें. तें आलें कोठून? अंडें हें नवजीवनाचें प्रतीक आहे, असें उत्तर बहुतेक पुस्तकांत आढळतें. कोणी ईओस्त्र नांवाच्या एका प्राचीन देवतेकडेहि बोट दाखवितात. परंतु त्या देवतेचा उल्लेख करणाऱ्या बीड या इंग्रज साधूनें इ. स. ७२५ मध्यें एका महिन्याला तिचें नांव पडल्याचें सांगितलें आहे. अंड्याचा त्यांत शब्द नाहीं. प्रतीकाची गोष्ट खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. पण प्रतीक मागाहून सुचतें. आधीं तो जिन्नस घरांत असावा लागतो. या अंड्याचा उगम, माझ्या समजुतीप्रमाणें, उपासांत आहे.

आपल्याकडे चातुर्मासांत कांदा, लसूण आणि वांगीं वर्ज्य करणारीं घरें आहेत. ईस्टरच्या आधींचा चाळीस दिवसांचा उपासकाळ त्याच जातीचा. मध्ययुगीन युरोपांत या काळांत मांस तर नाहींच, पण दूध, लोणी, चीज आणि अंडीं हींहि निषिद्ध असत. आतां ही धर्माज्ञा माणसांना लागू होती, कोंबड्यांना नव्हती. हिवाळ्यांत दिवस लहान झाला म्हणजे कोंबडी अंडीं घालण्याचें जवळजवळ थांबविते आणि वसंतांत उजेड वाढूं लागला कीं पुन्हां सुरुवात करिते. म्हणजे नेमका उपासाचा काळ हाच तिच्या भरभराटीचा काळ. एखाद्या शेतकरणीच्या घरीं सहा कोंबड्या आहेत आणि प्रत्येक आठवड्याला तीनच अंडीं देते असें धरलें, तरी सहा आठवड्यांत शंभरावर अंडीं जमतात. तीं खावयाचीं नाहींत आणि टाकावयाचींहि नाहींत! कांहीं अंडीं उबवावयास ठेवीत, कांहीं जमीनदाराला खंडापोटीं जात, आणि राहिलेलीं थंड कोठींत ईस्टरची वाट पाहात असत. पारण्याच्या दिवशीं घरांत ज्या जिनसाची रेलचेल, तोच त्या दिवसाचा प्रसाद झाला यांत आश्चर्य तें काय? इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबांत ४५० अंड्यांसाठीं १८ पेन्स खर्च पडल्याची नोंद सांगतात. पेनीला पंचवीस अंडीं! तीं रंगवून आणि सोन्याच्या वर्खानें मढवून राजवाड्यांतील मंडळींना वाटण्यांत आलीं.

हा उपास सर्वांनाच झेपे असें नाहीं. फ्रान्समधील रूआं शहराच्या मुख्य चर्चचा एक मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून प्रसिद्ध आहे. उपासांत लोणी खाण्याची सूट मिळावी म्हणून भाविकांनीं जो पैसा दिला, त्यांतून तो उभा राहिला, अशी त्या नांवाची हकीकत सांगतात.

राजाच्या घरीं सोन्याचा वर्ख होता. गरिबाच्या घरीं कांद्याची साल होती. आणि माझें मत विचाराल तर सालीचा रंग अधिक सुंदर. उत्तर इंग्लंडांत या अंड्यांना ‘पेस एग’ म्हणतात. यांतला ‘पेस’ म्हणजे ‘पास्का’, यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचें नांव. फ्रेंचांचें ‘पाक’, रशियनांचें ‘पास्खा’ आणि आपल्या गोव्यांतील ‘पास्क’ हीं सारीं त्याच एका शब्दाचीं रूपें. पेस एग करण्याची रीत मुलांनाहि जमेल अशी आहे. दहाबारा कांद्यांच्या वाळक्या साली जमवाव्या. पांढऱ्या अंड्यावर कोथिंबिरीचें किंवा नेच्याचें एखादें नाजूक पान ओलें करून चिकटवावें, त्याभोंवतीं साली लपेटाव्या, वरून जुन्या पातळ कापडाची चिंधी घट्ट गुंडाळून दोऱ्यानें बांधावी. उरलेल्या साली पातेल्यांतील पाण्यांत टाकून त्यांत चमचाभर शिरका घालावा आणि त्या पाण्यांत अंडीं मंद आंचेवर दहाबारा मिनिटें शिजवून तशींच निवूं द्यावीं. शिरका कशासाठीं? अंड्याचें कवच चुनखडीचें असतें. आम्लानें त्याचा वरचा थर किंचित् खरबरीत होतो आणि रंग त्याला चांगला धरून बसतो. चिंधी सोडली म्हणजे तांबूस-पिवळ्या, संगमरवरासारख्या शिरा उमटलेलें अंडें निघतें आणि पानाच्या जागीं त्याची फिकट आकृति राहते. शेवटीं तेलाचें बोट फिरवावें. हळदीच्या पाण्यांत हेंच अंडें पिवळें होतें. तांबड्या कोबीच्या पाण्यांत मात्र तांबडें न होतां निळें होतें, आणि ही गंमत मुलांना आधीं सांगूं नये.

इंग्रज कवि वर्ड्स्वर्थ याच्या कुटुंबाशीं निगडित अशीं नक्षीदार पेस एग्ज ग्रासमियर येथील संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. प्रेस्टन शहरांतील एव्हनम पार्कच्या उतारावर ईस्टरनंतरच्या सोमवारीं अंडीं गडगडत सोडण्याची जुनी चाल आहे.

या चालीवर संकटेंहि आलीं. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट देशांत अंडीं न खाण्याचें बंधन ढिलें होत गेलें. मूळ कारणच गेलें, तेव्हां अंडेंहि जावयास हवें होतें. १६४७ सालीं तर इंग्लंडच्या पार्लमेंटनें नाताळ, ईस्टर आणि व्हिट्सन हे तिन्ही सण कायद्यानेंच रद्द केले. १६६० मध्यें राजसत्ता परत आली आणि सणहि परत आले. कायदा चर्चच्या दाराला कुलूप घालूं शकतो. चुलीवरील पातेल्यांत कांद्याची साल कोणीं टाकली, हें पाहावयास शिपाई कोठवर जाणार?

जर्मन वैद्य गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाउ यानें १६८२ मध्यें ईस्टरच्या अंड्यांवर एक लॅटिन प्रबंध लिहिला. आल्सास वगैरे भागांत हीं अंडीं ससा घालतो आणि बागेंतील गवतांत, झुडुपांत लपवून ठेवतो, असें मुलांना सांगतात, ही नोंद त्यांत आहे. मोठीं माणसें मुलांची ही शोधाशोध पाहून हंसत असत. तो पडला वैद्य. त्यामुळें अंडीं अति खाल्लीं असतां पोटाला काय त्रास होतो, हें सांगण्यास तो विसरलेला नाहीं. हाच ससा पुढें जर्मन शेतकऱ्यांबरोबर अटलांटिक ओलांडून पेनसिल्व्हानियांत गेला. वॉशिंग्टनला मुलें कॅपिटॉलच्या टेकडीवरून अंडीं गडगडवीत. हिरवळ खराब होते म्हणून काँग्रेसनें १८७६ मध्यें कायदा करून तेथें खेळण्यास बंदी केली. तेव्हां १८७८ मध्यें अध्यक्ष हेज यांनीं व्हाइट हाउसचें आवार मुलांना मोकळें करून दिलें.

परंतु अंडें रंगविण्याची कला जेथें पराकोटीला गेली तो देश युक्रेन. तेथें दोन प्रकार आहेत. ‘क्राशांका’ म्हणजे एकाच रंगांत उकडलेलें, खाण्याचें अंडें. आणि ‘पिसांका’ म्हणजे नक्षीचें, जपून ठेवण्याचें. ‘पिसाती’ या क्रियापदाचा अर्थ लिहिणें. युक्रेनी स्त्री अंडें रंगवीत नाहीं, लिहिते. आपल्याकडील वारली लोकहि लग्नाचा चौक ‘लिहितात’, हें येथें आठवल्याशिवाय राहात नाहीं.

पिसांका लिहिण्यास हवें कच्चें पांढरें अंडें, मधमाशांचें मेण, एक मेणबत्ती आणि काडीला बांधलेली तांब्याची बारीक नळी. नळी ज्योतीवर तापवून तींत मेण घ्यावयाचें आणि जेथें पांढरा रंग ठेवावयाचा त्या रेषा मेणानें ओढावयाच्या. मग अंडें पिवळ्या रंगांत बुडवावयाचें. जें पिवळें राहावयाचें त्यावर मेण, मग तांबडा रंग. जें तांबडें राहावयाचें त्यावर मेण, मग काळा. कापडावर बाटिक करतात त्याचीच ही अंड्यावरील रीत. शेवटीं हातांत राहतो तो एक काळा, ओबडधोबड गोळा, आणि नवखी मुलगी या वेळीं हमखास हिरमुसते. मग तें अंडें ज्योतीच्या बाजूला धरावयाचें, वर नव्हे, नाहींतर काजळी धरते. मेण वितळूं लागलें कीं मऊ फडक्यानें पुसावयाचें. आणि एकेका पुसण्यासरशीं पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या रेषा खालून वर येतात. चुकलेली रेषा खोडतां येत नाहीं. मेण जेथें पडलें तेथें पडलें.

कार्पाथियन पर्वतांतील हुत्सुल लोकांत एक कथा आहे. एक दुष्ट अजगर डोंगरांत सांखळदंडांनीं बांधलेला आहे. दरसाल त्याचे चाकर गांवोगांव फिरून यंदा पिसांका किती लिहिल्या गेल्या याची मोजदाद करतात. थोड्या झाल्या तर सांखळ्या सैल होतात आणि जगांत अनर्थ माजतो. पुष्कळ झाल्या तर सांखळ्या आवळतात. सोव्हिएट राजवटींत धर्माचरणावर दडपण आलें, तेव्हां ही मोजदाद कांहीं अंशीं परदेशांत चालू राहिली. १८९१ पासून युक्रेनी शेतकरी कॅनडाला जात होते. त्यांच्या लेकीसुनांनीं तेथील लांकडी घरांत पिसांका लिहिण्याचें सोडलें नाहीं. आल्बर्टा प्रांतांतील व्हेग्रेव्हिल गांवीं १९७५ मध्यें धातूची प्रचंड पिसांका उभारण्यांत आली. पुढें स्वतंत्र युक्रेनमध्यें, कोलोमिया शहरीं, सन २००० मध्यें अंड्याच्याच आकाराचें संग्रहालय झालें. २०२४ मध्यें युनेस्कोनें या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें, तेव्हां युक्रेनांत युद्ध चालूं होतें. अजगराची गोष्ट त्या वर्षीं तेथील आयांनीं मुलांना कोणत्या स्वरांत सांगितली असेल, याची आपण कल्पनाच करावी.

ईस्टरचीं पक्वान्नेंहि याच उपासाचीं अपत्यें. रशियन घरांतील ‘पास्खा’ पाहा : कापडांत बांधून पाणी निथळलेलें ताजें पनीर, त्यांत लोणी, साय, साखर, अंड्यांचा बलक आणि बेदाणे. श्रीखंडाचा चक्का बांधणाऱ्या गृहिणीला यांत शिकण्यासारखें कांहीं नाहीं. फरक एवढाच कीं, हें मिश्रण भोंकें असलेल्या लांकडी सांच्यांत वजनाखालीं दाबून त्याचा मनोरा करतात. चाळीस दिवस जें जें वर्ज्य होतें, तें तें एका ताटांत! ग्रीक लोक पवित्र गुरुवारीं अंडीं लाल रंगवितात आणि पुनरुत्थानाच्या घोषाबरोबर एकमेकांच्या अंड्यावर अंडें आपटतात. ज्याचें फुटत नाहीं तो भाग्यवान्. इंग्रजांच्या ‘सिम्नेल’ केकवर बदामाच्या लगद्याचे अकरा गोळे असतात. शिष्य बारा, पण विश्वासघातकी यहूदाला केकवर जागा नाहीं.

मग कारखाना आला. कोकोंतून चरबी वेगळी काढण्याचें यंत्र १८२८ मध्यें हॉलंडांत निघालें, चॉकोलेट सांच्यांत ओततां येऊं लागलें, आणि ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें १८७३ मध्यें व बर्मिंगहॅमच्या कॅडबरीनें १८७५ मध्यें चॉकोलेटचीं अंडीं बाजारांत आणिलीं. दोन्ही घराणीं क्वेकर पंथाचीं. ईस्टरसारखे सण वेगळे पाळूं नयेत अशी त्या पंथाची जुनी शिकवण! चॉकोलेट मलाहि आवडतें. परंतु त्या अंड्यासाठीं कोणीं उपास केलेला नसतो आणि कोणाचीं बोटेंहि पिवळीं झालेलीं नसतात. मूल तें नुसतें घेतें आणि खातें.

आपल्या मुंबईंत, गोव्यांत आणि वसईकडे या सणाला निराळीच चव आहे. गुड फ्रायडेला बेकऱ्यांतून क्रॉस काढलेले मसाल्याचे बन मिळतात आणि ईस्टरला मार्झिपानचीं रंगीत अंडीं. मार्झिपान युरोपांत बदामाचें. येथें तें बहुधा काजूचें करतात. तो काजूहि मूळचा ब्राझिलचा, पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यावर आणलेला. कृति अवघड नाहीं. दोन वाट्या काजूची बारीक पूड, दीड वाटी पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा भाग आणि थोडें गुलाबपाणी एकत्र करून मंद आंचेवर सारखें ढवळावें. गोळा पातेल्याच्या कडा सोडूं लागला म्हणजे उतरवून, हाताला सोसेल इतका निवल्यावर चांगला मळावा. रंग घालावयाचा तो या वेळीं. सांचा नसल्यास सारख्या आकाराच्या दोन खोलगट चमच्यांना तूप लावून त्यांत गोळा दाबावा. अर्धीं अर्धीं अंडीं निघतात, तीं पाकाच्या बोटानें जोडावीं आणि रात्रभर उघडीं सुकूं द्यावीं. वरची फुलें व वेलबुट्टी काढण्याचें काम मुलांकडे सोंपवावें. वेल वांकडी गेली तरी चालते.