टेबलावरची आगगाडी

खेळण्यातली आगगाडी चालवायची म्हणजे चावी पिळायची, हे आम्हा सक्करदऱ्याच्या मुलांना ठाऊक. ईदीच्या पैशांतून आणलेल्या टिनाच्या गाडीचं बळ आपल्याच मनगटात असायचं. परदेशात स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून वाफेवर धावणारी खेळणीही निघाली होती.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडची तऱ्हा मात्र न्यारी. १८८६ ते १९२५ पर्यंत गादीवर असलेल्या माधवराव महाराजांना रेल्वेचं भारी वेड. संस्थानात त्यांनी दोन फुटी रुळांची रेल्वे उभारली आणि जयविलास राजवाड्यात, थेट जेवणाच्या टेबलावर, चांदीची छोटी गाडी. ही विजेवर चाले. डब्यांत ब्रँडी अन् सिगार. पाहुण्यानं काचेची सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे. परत ठेवली की निघे.

राजवाड्याच्या संग्रहालयात ती आजही आहे. लोक चांदीकडे पाहतात. मला मात्र थांबण्याची ती युक्ती मोलाची वाटते. वीज सगळ्या टेबलासाठी, पण एकानं सुरई हातात धरून ठेवली तर पुढचे सगळे ताटकळणार! चालवणाऱ्या शक्तीइतकंच, घेतलेलं वेळेवर जागी ठेवणंही महत्त्वाचं, एवढं तरी या खेळण्यानं राजेलोकांना शिकवलं असेल.