कचऱ्याचा हिशेब : पुण्यातल्या कचरा वेचकांच्या संघटनेची गोष्ट

हडपसरच्या गाडीतळावरून सासवडच्या रस्त्याला लागले की भेकराईनगर, फुरसुंगी, मंतरवाडी ही ठिकाणे एकामागून एक येतात. वारा कोणत्या दिशेचा आहे हे या रस्त्यावर पूर्वी कुणाला विचारावे लागत नसे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या हद्दीत पुणे महापालिकेचा कचरा डेपो उभा राहिला आणि वाढत वाढत १६३ एकरांवर पसरला. शहराचा ओला-सुका सगळा एकत्र कचरा तिथे वर्षानुवर्षे ओतला गेला. विहिरींचे पाणी बिघडले, आगी लागल्या, आणि गावकऱ्यांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत शहरातल्या पेठांमधून कुंड्या वाहू लागत, आणि आपला कचरा कुठे जातो हे पुणेकरांना आठवे.

पण या डेपोकडे जाणाऱ्या गाड्यांत शहराचा सगळाच कचरा नसे. त्यातला बराच भाग वाटेतच कमी झालेला असे. तो कोण कमी करत होते, आणि त्या कामाची किंमत किती, हे मोजायला बरीच वर्षे लागली. मोजले ते महापालिकेने नव्हे, एका कामगार संघटनेने. ही त्या संघटनेची गोष्ट आहे.

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, कर्नाटकाच्या सीमाभागातून अनेक कुटुंबे पुण्यात आली. त्यांतल्या बहुसंख्य भूमिहीन आणि दलित. शहरात पुरुषांना हमाली, बिगारी मिळाली. बायकांपैकी अनेकींच्या वाट्याला कचराकुंडी आली. पहाटे पोते घेऊन निघायचे, कुंडीतून कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचायचे, दुपारी फुटपाथवर बसून त्याची वर्गवारी करायची आणि भंगारवाल्याकडे नेऊन घालायचे. या वर्गवारीत मोठी जाण लागते. दूधपिशवी वेगळी, कडक प्लॅस्टिक वेगळे, पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा. आपण वर्गात पदार्थांचे गुणधर्म शिकवतो तेव्हा तक्ता काढतो. या बायका प्लॅस्टिक हाताने चुरगाळून, त्याचा आवाज ऐकून जात ओळखतात.

१९९०च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचा प्रौढ शिक्षण विभाग पुण्याच्या वस्त्यांमध्ये काम करत होता. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायणन यांना तिथे कचरा वेचणारी मुले भेटली आणि मुलांबरोबर त्यांच्या आयाही. मुलांना शाळेत घालायचे तर आईची कमाई वाढायला हवी. ती कशी वाढेल? कुंडीत मिसळून घाण होण्याआधीच सुका माल हातात आला तर. म्हणून कोरेगाव पार्क भागातल्या नागरिकांना गाठून घरातच सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितले गेले, आणि थोड्या बायकांना तो दारातून मिळू लागला. थोड्याच काळात त्याच भागात गाडी फिरवून कचरा उचलण्याची तयारी एका खासगी व्यावसायिकाने दाखवली. गाडी आली असती तर बायकांचा माल गेला असता. त्यांनी विरोध केला, आणि त्या विरोधातून मे १९९३मध्ये पुण्यात कचरा वेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक वेचक आले. अध्यक्षस्थानी डॉ. बाबा आढाव होते. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना तिथे जन्मली आणि तिची नोंदणी कामगार संघटना म्हणून झाली.

हडपसरकरांना बाबा आढाव हे नाव दुसऱ्याच एका कारणाने परिचित आहे. माळवाडीतल्या साने गुरुजी रुग्णालयाच्या उभारणीत ते होते. पण इथे महत्त्वाचा आहे तो त्यांचा हमाल पंचायतीचा अनुभव. बाजारातल्या हमालाला एक मालक नसतो. आज या आडत्याचे पोते, उद्या त्या. मग मजुरी कुणाकडे मागायची? त्या लढ्यांतून महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा झाला आणि मालक एकच नसला तरी कामगार हा कामगारच, ही गोष्ट कायद्याने मानली. कचरा वेचणारीची स्थिती याहून बिकट. तिला मालक मुळीच नाही. ती जे उचलते ते कुणीतरी फेकलेले असते. पोलीस हटकत, नागरिक संशयाने बघत. अशा माणसांनी संप करायचा तर कुणाविरुद्ध?

संघटनेने शोधलेले उत्तर मला फार शहाणपणाचे वाटते. शहर साफ ठेवणे हे महापालिकेचे काम. आम्ही त्यातला काही भाग करतो. म्हणजे आम्ही महापालिकेचे काम करतो. मागणी तिच्याकडेच. पहिली मागणी साधी होती, ओळखपत्राची. १९९५-९६मध्ये पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ‘चोर’ म्हणून हटकले जाणाऱ्या बाईच्या हातात आपण कोण आहोत याचा शिक्क्याचा कागद आला.

पण ‘आम्ही तुमचे काम करतो’ असे नुसते म्हणून भागत नाही. किती करता? इथे तागडी आली. २००१मध्ये पुण्यातले भंगार वेचणारे, भंगाराचे व्यापारी आणि पुनर्वापराचे कारखाने यांचा एक अभ्यास पुरा झाला. त्यात आढळले की कचरा गाडीत भरला जाण्याआधीच वेचक दररोज सुमारे १४४ टन माल बाजूला काढतात. तो वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, वर्षाला सुमारे १ कोटी ५८ लाख रुपये. माणशी भाग लावला तर प्रत्येक वेचक महिन्याला २४६ रुपयांचे काम महापालिकेला फुकट करून देत होती.

हे आकडे सातवी-आठवीच्या मुलांपुढे ठेवण्याजोगे आहेत. १४४ टनांना ३६५ने गुणा, आलेल्या संख्येने १ कोटी ५८ लाखांना भागा. टनामागे खर्च ३०० रुपयांच्या आसपास येतो. आता २४६ला १२ने गुणा आणि त्याने १ कोटी ५८ लाखांना भागा. वेचकांची संख्या पाच हजारांच्या थोडी वर येते. आकडे एकमेकांशी जुळतात. एखाद्या मोर्च्याच्या मागणीपत्रात असे गणित क्वचित सापडते. आणि लक्षात घ्या, यात फक्त वाहतुकीचा खर्च धरला आहे. डेपोची वाचलेली जागा, न तोडलेली झाडे, न जाळलेला कोळसा यांचा हिशेब त्यात नाहीच. ॲल्युमिनिअमचे जुने डबे वितळवून नवे करायला खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, हे आपण शिकवतो. ती बचत सुरू होते ती कुंडीत हात घालणाऱ्या बाईपासून.

या हिशेबाचा उपयोग झाला. २००२-०३मध्ये महापालिकेने नोंदणीकृत वेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. असे करणारी ती देशातली पहिली महापालिका. विमा हे उपकार म्हणून नव्हे, तर केलेल्या कामाचा मोबदला म्हणून मागितले गेले होते.

दरम्यान नियम बदलले. केंद्र सरकारच्या २००० सालच्या घनकचरा नियमांनी शहरांना घरोघर कचरा गोळा करणे बंधनकारक केले. नियम चांगला होता. पण कचरा दारातून थेट बंद गाडीत गेला तर कुंडी उरत नाही, आणि कुंडीवर जगणारीही. पर्यावरणासाठी केलेली सुधारणा गरिबाच्या पोटावर पाय देऊन जाते, ती अशी. संघटनेपुढे दोन वाटा होत्या. कुंड्या राहू द्या म्हणून भांडणे, किंवा दारातून कचरा गोळा करण्याचे ते नवे काम आपणच मागणे. तिने दुसरी निवडली. २००५-०६मध्ये सुमारे दीड हजार सदस्यांनी प्रयोग म्हणून दारोदार कचरा गोळा केला. त्यातून ‘स्वच्छ’ ही वेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरटी ठरलेले मासिक शुल्क, ते वेचकाला. सुका माल विकून आलेले पैसेही तिचेच. साधने आणि देखरेखीचा खर्च महापालिकेकडे. कुंडीत वाकणारी बाई ढकलगाडी घेऊन सोसायटीच्या दाराशी आली.

यात सगळे गोड आहे असे नाही. ही सार्वजनिक सेवा असेल तर तिचे पैसे घरोघरी जाऊन का मागायचे? झाडणकामाच्या कायम कामगाराला पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी मिळतो. वेचकाला तो नाही. उत्पन्नाचा मोठा भाग भंगाराच्या भावावर, आणि तो भाव जगाच्या बाजारावर. २००८च्या अखेरीस जागतिक मंदीत कागद-प्लॅस्टिकचे भाव कोसळले तेव्हा त्याचा फटका पुण्यातल्या पोत्यापर्यंत पोचला. माझ्या मते संघटनेच्या मांडणीतली ही कच्ची बाजू आहे, आणि ती अजून पक्की झालेली नाही.

आता पुन्हा हडपसरला येऊ. डेपोवर गावकऱ्यांचा आणि हरित न्यायाधिकरणाचा दबाव वाढत गेला, तसे कचऱ्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प शहराच्या आत येऊ लागले. हडपसरच्या रामटेकडी औद्योगिक वसाहतीत रोज ७०० टन कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प आखला गेला. ऐकायला किती सुंदर! कचराही गेला आणि वीजही मिळाली. प्रत्यक्षात ठरल्या क्षमतेने वीज काही मिळाली नाही, आणि दुर्गंधीची तक्रार फुरसुंगीकरांपाठोपाठ रामटेकडीच्या रहिवाशांनी सुरू केली.

वीज का मिळत नाही, याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातल्या अप्रकट उष्म्यात आहे. एक किलो भाजीची साले घ्या. त्यात सुमारे ८०० ग्रॅम पाणी असते. उरलेले २०० ग्रॅम कोरडे द्रव्य जळून साधारण ८०० किलोकॅलरी उष्णता देईल. पण आधी ते पाणी उडवायला हवे. २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ६० किलोकॅलरी, आणि वाफ करायला दर ग्रॅमला ५४० कॅलरी या हिशेबाने ४३२ किलोकॅलरी. हाती उरल्या जेमतेम ३००, त्याही भट्टीतून काहीच वाया गेले नाही असे धरले तर. केंद्राच्या २०१६च्या नियमांत ऊर्जेसाठी वापरायच्या कचऱ्याला किलोमागे किमान १५०० किलोकॅलरीची कसोटी लावली आहे. आपल्या स्वयंपाकघरातला कचरा त्या कसोटीला उतरणे कठीण. त्याची जागा खतात किंवा बायोगॅसच्या टाकीत. डेपोत कुजू दिला तर त्यातून मिथेन बाहेर पडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वातावरण तापवण्यात कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी आहे.

मग भट्टी पेटती ठेवायची कशाने? पुठ्ठ्याने आणि प्लॅस्टिकने. पॉलिथीनच्या एक किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात, जवळजवळ रॉकेलाइतक्या. म्हणजे भट्टीला नेमका तोच माल हवा असतो जो वेचकाच्या पोत्यात असतो. कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांना वेचकांच्या संघटनांचा विरोध यंत्रविरोधी आहे असे म्हणणाऱ्यांनी हे गणित जरूर करावे. एकच पुठ्ठा एकदा जाळता येतो किंवा त्याचा पुन्हा कागद करता येतो. जाळला तर थोडी उष्णता आणि राख. वेचला तर एकीची मजुरी, भंगारवाल्याचा धंदा आणि कागद कारखान्याचा कच्चा माल.

जगात हा झगडा इतरत्रही चालू होता. अमेरिकेत तेल-रसायन कामगारांचे नेते टोनी माझोकी यांनी फार पूर्वी विचारले होते की प्रदूषण करणारा कारखाना बंद करताना कामगाराचे काय करणार आहात. २००८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा येथे वेचकांची जागतिक परिषद झाली, २००९च्या कोपनहेगन हवामान परिषदेत त्यांचे प्रतिनिधी गेले. २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आला.

पुण्यात मात्र लढाई दैनंदिन आणि क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींची राहिली. २०१३मध्ये वेचकांनी वापरलेले, न गुंडाळता टाकलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. ते गुंडाळायला उत्पादकांनी पाकीट द्यावे, ही तरतूद पुढे २०१६च्या नियमांत आली. २०२०च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा करार संपला आणि काम ठेकेदारांना देण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा वेचक रस्त्यावर आल्याच, पण ज्यांच्या दारातून त्या रोज कचरा नेत त्या नागरिकांनीही महापालिकेकडे त्यांच्या बाजूने आग्रह धरला. त्यानंतरही दारोदारचे काम वेचकांच्याच हाती राहिले.

वर्गात करून पाहण्याजोगे एक काम. मुलांना आठवडाभर घरचा कचरा ओला आणि सुका वेगळा ठेवून तोलायला सांगा. ओल्यातला एक किलो उन्हात पसरून तीन-चार दिवसांनी पुन्हा तोला; वजनातली घट म्हणजे उडालेले पाणी. त्यावरून वरचे उष्णतेचे गणित मुलांनाच मांडू द्या. आणि शाळेचा कचरा नेणारी बाई येते तेव्हा तिला दहा मिनिटे वर्गात बोलवा. सुक्या कचऱ्याची वर्गवारी ती करून दाखवील, आणि प्रत्येक ढिगाला आज काय भाव आहे तेही सांगेल.