एका पराभूत विधेयकाची कथा

सन १९१२ च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात एका विधेयकावर मते मोजण्यात आली. बाजूने १३, विरुद्ध ३८. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक फेटाळले गेले. सरकारी सभासदांचे मताधिक्य असलेल्या त्या सभागृहात याहून निराळे काही घडणे कठीण होते, आणि याची पूर्ण कल्पना गोखल्यांना होती.

शिक्षणाचे मोल त्यांना केवळ ग्रंथांतून कळले नव्हते. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या या मुलाचे पितृछत्र लहानपणीच हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवीत. एका भावाची शाळा सुटली, म्हणून दुसऱ्याची चालू राहिली.

गोखल्यांनी १९१० साली प्रथम ठराव मांडला व सरकारच्या आश्वासनावरून तो मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले. त्यातील मागणी अतिशय सावध होती. सक्ती सरसकट नव्हती. नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने सरकारच्या संमतीने, ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असलेल्या भागातच ती लागू करावयाची होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतीच ती होती. मुलींचा समावेश पुढे करण्याची मोकळीक होती. मात्र एक कलम विधेयकाचा प्राण होते. ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलाकडून फी घेता येणार नव्हती. सक्तीही करावयाची आणि फीही मागावयाची, तर तो गरिबीलाच दंड झाला असता.

ही मागणी सर्वस्वी नवी नव्हती. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढील निवेदनात सुचविले होते. लोक तयार नाहीत, खर्च पेलणार नाही, या आक्षेपांना उत्तरही दूर शोधावे लागत नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानभर नेले. त्यात मुलींनाही वगळले नव्हते. एका संस्थानास जे साधले, ते साम्राज्यास परवडत नव्हते!

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. दोनच वर्षांनी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस तो अधिकार मिळाला. १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्याकडे सोपविली. २००२ च्या घटनादुरुस्तीने त्याचा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. फेटाळलेल्या विधेयकाचा आशय असा ९८ वर्षांनी देशभर मान्य झाला, तोही मुलामुलींत भेद न करता.

फी माफ झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. घरातील एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याला कामावर जावे लागते, तोवर त्या १३ मतांचे काम पुरे झालेले नाही.