भिंतीवरची बुरशी रंगाने का जात नाही?

पावसाळा सरला की नाशिकमध्ये घरोघरी रंगकाम निघतं. दिवाळीला भिंत पांढरीशुभ्र दिसते आणि पुढच्या श्रावणात त्याच कोपऱ्यात काळे ठिपके परत येतात. बुरशीला पाणी लागतं आणि रंगाने पाणी थांबत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात, ते संपवता येत नाहीत. त्यांना ओल मिळू न देणं एवढंच आपल्या हातात असतं.

ही ओल येते कुठून? जुन्या नाशिकच्या वाड्यांत ती पायातून दगड-विटांमधून वर चढते. २०१९ सारखा गोदावरीला पूर आला, तर काठावरच्या भिंतींत ती पुढे कित्येक महिने मुरलेली असते. फ्लॅटमध्ये गच्ची, बाहेरच्या भिंतीतल्या भेगा किंवा बाथरूमच्या फरशीचे सांधे गळतात. तिसरी ओल घरातल्या हवेतली. ती दिसत नाही, म्हणून दोष बिल्डरला दिला जातो.

ओळखायची युक्ती स्वस्त आहे. भिंतीवर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल हवेतली, मागच्या बाजूला जमले तर भिंतीतली. भिंतीतली असेल तर आधी गळती बंद करून भिंत पूर्ण वाळू द्यावी, रंगाचं नंतर.

हवेत पाणी आपणच सोडतो. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे वीस लिटरच्या वर. शिवाय भाताची वाफ, आंघोळ आणि पावसाळ्यात खोलीतच दोरीवर टाकलेले कपडे. २५ अंश तापमानाच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २१ अंशांपर्यंत थंड झालेल्या भिंतीवर तिचं पाणी होतं. भिंतीला टेकलेल्या कपाटामागे नेमकी अशी थंड, हवाबंद जागा असते.

निफाड-लासलगावकडची कांदाचाळ पाहिली की उपाय समजतो. ती जमिनीपासून उचललेली असते आणि हवा खालून नि बाजूंनी खेळती राहते, कारण कोंडलेल्या ओलीत कांद्यावर काळी बुरशी चढते. घरातही कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट फॅन चालवावा, नंतरही थोडा वेळ चालू ठेवावा. मात्र झड लागलेली असताना दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून खोली सुकत नाही, कारण बाहेरची हवाही दमटच असते. पावसाने उघडीप दिली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. काही शे रुपयांच्या आर्द्रतामापकावर आकडा ६० टक्क्यांखाली राहील असं पाहावं. फक्त एका खोलीत तो उतरतच नसेल, तर तिथे डीह्युमिडिफायर कामी येतो.

घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल, तर बुरशी काढण्यात चालढकल नको. मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने घासून जागा लगेच कोरडी करावी. सुक्या ब्रशने खरवडल्यास बीजाणू घरभर उडतात. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशी मुरलेली गादी मात्र धुऊन सुधारत नाही, ती टाकूनच द्यावी.