नोंद आणि हक्क : हिजड्यांविषयीच्या राजलेखांचा विचार

इतिहाससंशोधकाची सारी भिस्त नोंदीवर असते. जे दप्तरात आढळले ते झाले, जे आढळले नाही ते संशयित, अशी आपली रीत आहे. परंतु नोंद झाली म्हणजे हक्क मिळाला असे मात्र नव्हे. एकाच माणसाची नोंद कधी त्यास अन्न देण्यासाठी, कधी वतन देण्यासाठी, तर कधी बेड्या घालण्यासाठी होते. हिजडे अथवा तृतीयपंथी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वर्गाविषयीचे लेख नांदेड व लातूर या भागाच्या दृष्टीने आम्ही जुळवून पाहिले, त्यावरून हे विशेष ध्यानात आले. ते वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम धर्मशास्त्र. सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या कारकीर्दीत (इ. स. १०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा रचिली. त्या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्यास लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात आहे. तेव्हा हा ग्रंथ आमच्या शेजारचाच म्हणावयास हरकत नाही. दायविभागात याज्ञवल्क्याने क्लीब, पतित, पंगू, अंध इत्यादिकांस अंश नाही, परंतु त्यांचे भरणपोषण करावे, असे सांगितले आहे. त्यातील क्लीब शब्दाचा अर्थ विज्ञानेश्वर 'तृतीया प्रकृति' असा करितो. येथे दोन गोष्टी पाहाव्या. तिसरी प्रकृती आहे हे शास्त्राने नि:शंकपणे मानिले. आणि मानून तिला अन्नवस्त्र दिले, वाटा दिला नाही. ही निरंशता थेट इंग्रजी अमलापर्यंत चालली. मिताक्षरेस अनुसरणाऱ्या कुटुंबांपुरती ती १९२८ च्या १२ व्या कायद्याने बहुतांशी दूर केली, व १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने शारीरिक व्यंगामुळे वारसा बुडण्याची वाटच बंद केली.

दुसरा लेख मराठेशाहीचा. हा पुरावा मराठवाड्यातील नसून पुणे प्रांताकडील आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. हिजड्यांना जमिनी, रोख नेमणुका आणि ठराविक गावांतून भिक्षा घेण्याचा हक्क मराठी राजसत्तेने दिलेला होता, व तो गुरूकडून चेल्याकडे जात असे, हे मुंबई इलाख्याच्या दप्तरांवरून लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले आहे. शास्त्राने ज्यास निरंश ठरविले त्यास राजाने या मार्गाने अंश दिला, आणि रक्ताचा वारस नाही म्हणून तो बुडविला नाही. चेला हाच वारस मानिला. पुढे इंग्रजी सरकारने या भिक्षेच्या हक्कास आपले बळ देण्याचे नाकारिले. इनामांच्या चौकशीसाठी झालेल्या १८५२ च्या ११ व्या कायद्यात, ज्या इनामाची अट देशाच्या कायद्यास किंवा सार्वजनिक सभ्यतेस विरुद्ध असेल ते पुढे चालू नये, असे तत्त्व घातले गेले, व त्याचा आघात या वतनांवर झाला. सनद तीच, भोगवटा तोच. वाचणारा मात्र बदलला.

तिसरा लेख आमच्या प्रांताचा. नांदेड हा निजामाच्या राज्यातील जिल्हा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. उत्तर हिंदुस्थानातील इंग्रजी मुलखात १८७१ च्या २७ व्या कायद्याने, जो गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून कुप्रसिद्ध आहे, हिजड्यांची पोलिसी नोंदवही सुरू झाली होती. त्याच धर्तीचा कायदा हैदराबाद संस्थानाने फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे इ. स. १९१९ च्या सुमारास, केला. मुलगे पळविणे, त्यांस खच्ची करणे अथवा अनैसर्गिक कृत्य करणे असा ज्यांच्यावर संशय असेल अशांची नावे व राहण्याची ठिकाणे यांची वही सरकारने ठेवावी. ही वही हैदराबाद शहरासाठी व सरकार जाहीर करील अशा अन्य ठिकाणांसाठी असावी. वहीतील इसम स्त्रीवेषाने किंवा अलंकार घालून रस्त्यात दिसला, अथवा चारचौघांत नाचला-गायला, तर त्यास वॉरंटावाचून धरावे, आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी. गुन्हा सिद्ध होण्याची गरज नाही. संशयाने नाव वहीत येते, आणि नाव वहीत आले की लुगडे हाच गुन्हा ठरतो.

१९४८ साली संस्थान गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणाकडे हा कायदा नाव पालटून पुस्तकात राहिला. तो घटनाविरुद्ध असल्याचा निर्णय तेलंगण उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला. म्हणजे संस्थान बुडाल्यावर त्याचा हा कागद सुमारे पाऊणशे वर्षे टिकला.

चौथा लेख आपल्या काळचा. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथीयांस स्वतंत्र लिंग म्हणून मान्यता दिली, व आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे असे ठरविले. २०१९ च्या अधिनियमाने ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपविले. जानेवारी २०२१ मध्ये, ज्या खंडपीठाच्या कक्षेत नांदेड व लातूर येतात त्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातील एका तृतीयपंथी उमेदवारास स्त्रियांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यास मोकळीक दिली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जात या वर्गासाठी रकाना ठेवावयास लाविला. ज्यांची नावे हैदराबादेत पोलीस लिहून घेत, त्यांनी पोलिसांत नाव घालण्यासाठी अर्ज करावा, हा पालट लहान नव्हे. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे 'इतर' या सदरात मोजली गेली होती.

येथे आमच्याही एका नोंदीविषयी सांगणे प्राप्त आहे. नांदेड जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत असता 'वन' शब्द चालविण्याच्या दिवशी मुले एका विद्यार्थ्याकडे बोट दाखवून हसली. नपुंसकलिंगी शब्दासही साती विभक्ती पुऱ्या मिळतात, एवढे जरी आम्ही त्या वेळी सांगितले असते तरी पुष्कळ होते. आम्ही पुढचा शब्द घेतला. तो विद्यार्थी पुन्हा आला नाही. नियमाप्रमाणे गैरहजेरीचे दिवस भरल्यावर आम्ही त्याचे नाव तांबड्या शाईने काटले. काही वर्षांपूर्वी तीच व्यक्ती, आता साडी नेसलेली, आमच्या दारी आली आणि म्हणाली, "सर, कागदपत्रांसाठी शाळेचा दाखला पाहिजे. रजिस्टरात माझं नाव असेल ना?" आम्ही बरोबर गेलो. नाव होते, काटल्याची रेघही होती, व तिच्यापुढे आमची सही. त्या काटलेल्या नावावरूनच दाखला मिळाला.

तात्पर्य, चारही लेखांत राज्याने या माणसांस ओळखिले आहे. न ओळखिल्याचा काळ आढळत नाही. प्रश्न ओळखीचा नसून ती कशासाठी झाली याचा आहे. भर्तव्य, वतनदार, संशयित आणि नागरिक अशा चार नात्यांनी तीच माणसे दप्तरात येतात, आणि समान अंशाची भाषा केवळ चौथ्या लेखात आहे.

म्हणून संग्राहकांस विनंती. नांदेड, कंधार, उदगीर, औसा येथील देशपांडे-कुळकर्ण्यांच्या रुमालांत किंवा जुन्या पोलीस कागदांत हिजड्यांविषयी एखादा चिटोरा आढळल्यास तो क्षुल्लक अथवा लाजिरवाणा म्हणून बाजूस टाकू नये. कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, काय दिले, काय घेतले, आणि गुरूमागे कोणा चेल्याचे नाव लागले, या पाच गोष्टी टिपून ठेवाव्या. असा कागद आज एखाद्याच्या हक्काचा आधार होऊ शकतो, हे आम्ही आमच्याच काटलेल्या नोंदीवरून शिकलो आहो.