पेशींना निरोप कोण देतं?

मांडवीतले रुग्ण हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "डॉक्टर, स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं तर झिजलेला गुडघा नवा होतो का हो?" याचं उत्तर समजून घ्यायला तुम्हाला माझ्याबरोबर शंभर वर्षं मागे यावं लागेल.

सुरुवातीच्या गर्भातल्या पेशी बऱ्याचशा सारख्याच असतात. मग मेंदू कोणी व्हायचं आणि कातडी कोणी, हे ठरवतं कोण? १९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मान्गोल्ड यांनी न्यूट या पाणसरड्याच्या गर्भाचा बारीकसा तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला. तिथे जोड-गर्भच आकार घेऊ लागला, आणि त्यात यजमान गर्भाच्या पेशीही सामील होत्या! म्हणजे तुकड्याने शेजाऱ्यांना निरोप दिला होता. पुढे मारून टाकलेल्या तुकड्यानेही काही परिणाम दिसला, तेव्हा निरोप रासायनिक असावा हे कळलं.

वॉडिंग्टन यांनी हाच शोध कोंबडीच्या गर्भात घेतला. त्यांच्याकडे एडिंबराला १९५०च्या दशकात लीला मुल्हेरकर यांनी काम केलं, आणि परतल्यावर पुणे विद्यापीठात हे शास्त्र रुजवलं. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं.

१९८१ मध्ये उंदराच्या गर्भातल्या स्टेम सेल बशीत वाढवता आल्या. १९८८ मध्ये त्यांना 'अजून थांबा, काही बनू नका' असं सांगणारं प्रथिन सापडलं: लिफ. १९९८ मध्ये माणसाच्या स्टेम सेल मिळाल्या, पण लिफ त्यांना थोपवू शकेना. त्यांना एफजीएफ हे वेगळंच प्रथिन लागलं. असं का? उंदराच्या त्या पेशी गर्भ रुजण्यापूर्वीच्या अवस्थेतल्या, तर माणसाच्या रुजल्यानंतरच्या अवस्थेशी जुळणाऱ्या. हा उलगडा व्हायला २००७ उजाडलं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की धक्क्यावरची होडी तिथेच थांबते आणि समुद्रातली जवळची खाडी गाठते. बावटा एकच असतो, पण होडी कुठे आहे त्यावर पुढचं ठरतं. पेशींचंही तसंच. इन्सुलिन बनवणारी पेशी हवी असेल, तर प्रयोगशाळेत काही आठवडे एकामागून एक निरोप ठरल्या क्रमाने द्यावे लागतात. क्रम चुकला की भलतंच काहीतरी तयार होतं. गर्भातली स्टेम सेल काहीच न शिकवता शरीरात टोचली, तर गाठही होऊ शकते.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा दोन मानवी पेशीमालिका तयार करून २००९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी त्या मानवी पेशींच्याच थरावर वाढवल्या, कारण हे शेजारी लागणारे निरोप पुरवतात.

आता गुडघा. जाहिरातीतल्या इंजेक्शनमध्ये बहुधा तुमच्याच अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी असतात, गर्भातल्या नव्हेत. पण प्रश्न तोच: झिजलेल्या सांध्यात त्यांना 'कूर्चा व्हा' असं सांगणार कोण? आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त चाचणी म्हणूनच करता येत होता. तेव्हा पैसे भरण्याआधी चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर ते कागद घेऊन आधी माझ्याकडे या.