आणेवारी, पीक कापणी आणि पां. वा. सुखात्मे

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील उर्से आणि त्याच्या आसपासची गावे भाताची. ब्रिटिश अमदानीत अशा गावांच्या पिकाचा सरकारी अंदाज आणेवारीने, म्हणजे उभ्या पिकाकडे पाहून ते किती आणे उतरेल हे नजरेने ठरवण्याच्या पद्धतीने, बांधला जाई. या नजरेच्या जागी तराजू आणणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (1911–1997) यांचे स्थान फार वरचे आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले आणि तेथे नेमन व इगन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या सहवासात नमुना पाहणीच्या, म्हणजे थोड्या भागावरून संपूर्णाचे अनुमान करण्याच्या, गणिताकडे वळले. 1940 पासून कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली : चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे आणि शेते निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तो कापून, मळून, धान्य तोलायचे. तुकडा केवढा असावा यावरून संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडा लांब असते, कडेवरची ताटे कापणाऱ्याच्या हातून आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते. ही चूक एकाच दिशेची असल्याने तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी ती फिटत नाही, असे सुखात्मे यांनी 1946–47 मधील लेखांत दाखवले. त्यांच्या साऱ्या लेखनात हाच भाग सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण येथे प्रमेयाइतकेच विळा धरणाऱ्या हाताकडेही लक्ष आहे. नमुना पाहणीवरचा त्यांचा ग्रंथ 1954 मध्ये निघाला.

पुढे रोमच्या अन्न व कृषी संघटनेत असताना, 1961 मध्ये, जगातील दोन तृतीयांश माणसे अर्धपोटी असल्याची प्रचलित समजूत तपासून त्यांनी पुरेसे उष्मांक न मिळणाऱ्यांचे प्रमाण 10 ते 15 टक्के काढले. निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी आणखी पुढे जाऊन असे मांडले की एकाच निरोगी माणसाची गरजही काळानुसार बदलते, म्हणून सरासरी गरजेखाली असलेला प्रत्येक जण उपाशी मानता येत नाही. दारिद्र्याची रेषा उष्मांकांवर आखणारे वि. म. दांडेकर यांनी याला विरोध केला, तर कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते ते वाढीची आणि कष्टाच्या ताकदीची किंमत मोजून, असा आक्षेप पोषणतज्ज्ञ गोपालन यांनी घेतला. हा आक्षेप रास्त होता. खाचरातील तुकड्याचे माप चुकले की नाही हे सबंध खाचर कापून तोलता येते. उपासमारीच्या मोजणीला असा ताळा मिळत नाही.